लोखंडी नांगराचा एमटीबीएफ

इलेक्ट्रॉनिक्सच्या फायनल इयरला ‘रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ नावाचा एक ऐच्छिक विषय असतो. सोप्या मराठीत सांगायचं तर भरवसा मोजण्याचं शास्त्र! वस्तू कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच ती किती दिवस न कुरकुरता चालेल, याचा हिशेब कागदावर मांडायचा. थिअरी कमी आणि गणितं ठरावीक, म्हणून बरेचजण हा विषय घेतात. मीही घेतला. या विषयाच्या पुस्तकात सगळी नावं अमेरिकन नाहीतर जर्मन. पण धडे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र दुसराच एक माणूस येत राहिला. त्यांचा इलेक्ट्रॉनिक्सशी काडीचाही संबंध नव्हता. डोक्यावर पगडी, आणि हातात लोखंडी नांगर. ते म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर.

आपल्या सातारा-सांगलीकडच्या पोरांना हे नाव काही नवीन नाही. विहिरीवरच्या पंपाच्या पितळी पट्टीवर ते आपण लहानपणापासून वाचत आलो. मिरजेहून पुण्याला जाताना किर्लोस्करवाडीचं स्टेशन लागतं. शाळेत उद्योगमहर्षी म्हणून भाषणात दोन वाक्यं टाकली की टाळ्या पडतात. पण त्या दोन वाक्यांच्या मागे एक प्रश्न आहे आणि तो आपल्या विषयाचाच प्रश्न आहे. ज्याने आपली वस्तू आधी कधी वापरलेली नाही, त्याने तिच्यावर भरवसा का ठेवावा? लक्ष्मणरावांचं उभं आयुष्य या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेलं, असं मला वाटतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

रंग न ओळखणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. घरात पोथ्या, आणि मुलाचं लक्ष मात्र चित्रांत आणि यंत्रांत! शाळेत जीव रमेना. शेवटी १८८५ साली स्वारी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाली. तिथे कळलं की या विद्यार्थ्याला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. अंशतः रंगांधत्व. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला यापेक्षा वाईट बातमी कोणती?

आज ते आपल्या लॅबमध्ये असते, तर रेझिस्टरवरच्या तांबड्या आणि तपकिरी पट्ट्या वाचताना त्यांचे काय हाल झाले असते, याची कल्पना मी करून बघतो. रंग गेले, पण रेषा शिल्लक होती. त्यांनी रंगकाम सोडलं आणि यंत्रांची ड्रॉइंग्ज धरली. त्यात इतका हात बसला की मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवायची नोकरी मिळाली. ही संस्था तेव्हा नवीकोरी होती, १८८७ ची. शिकवून झालं की लक्ष्मणराव वर्कशॉपमध्ये जायचे आणि यंत्रं कशी चालतात, कशी उघडतात, कशी जुळतात, ते हाताने शिकायचे. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दरम्यान थोरले बंधू रामूअण्णा बेळगावात होते. दोघा भावांनी मिळून १८८८ साली सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणरावांनी मुंबईतून सायकली घेऊन पाठवायच्या, रामूअण्णांनी तिकडे विकायच्या आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायच्या. आज विक्रीबरोबर ट्रेनिंग हा शब्द आपण मोठ्या रुबाबात वापरतो. बेळगावच्या त्या दुकानात ही साधी गरज होती, कारण सायकल चालवता न येणाऱ्याला सायकल विकून उपयोग काय?

मुंबईच्या नोकरीत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. सायकलीच्या दुकानापासून सुरू झालेला धंदा आता छोट्या कारखान्याकडे वळला. आधी कडबा कापायचं यंत्र, आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर.

दोन वर्षांत एक गिऱ्हाईक

लोखंडी नांगर तयार झाला खरा, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष पसरतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. दोन वर्षं! आपल्यापैकी कुणी प्रोजेक्ट बनवलं आणि दोन वर्षं त्याला कुणी हात लावला नाही, तर आपण काय करू? ब्रँच बदलू.

हा प्रसंग सांगताना बहुतेकजण शेतकऱ्यांच्या अंधश्रद्धेला हसून पुढे जातात. मला मात्र त्या शेतकऱ्याच्या बाजूने थोडं बोलायचं आहे. विषाची समजूत चुकीची होती, यात वाद नाही. पण नांगर न घेण्यामागे नुसती तीच समजूत होती, असं मला वाटत नाही. बाभळीच्या लाकडाचा नांगर मोडला तर गावातला सुतार तो दुसऱ्या दिवशी उभा करून देत असे. फाळ बोथटला तर लोहार भट्टीत घालून ठोकून देई. मजुरीही रोख नव्हे, सुगीला बलुतं द्यायचं. लोखंडी नांगराचा एखादा ओतीव भाग तडकला तर गावचा सुतार काय करणार? ओतीव लोखंड ठोकून जोडताही येत नाही. मग ऐन नांगरटीत बैल दावणीला आणि माणूस बांधावर! पाऊस काही कुणाच्या सुट्या भागासाठी थांबत नाही. एक हंगाम हुकला म्हणजे वर्षाचं पोट हुकलं.

आपल्या विषयाच्या भाषेत याला दोन नावं आहेत. एका बिघाडापासून दुसऱ्या बिघाडापर्यंत सरासरी किती काळ जातो, तो एमटीबीएफ. आणि बिघडलेली वस्तू पुन्हा चालू व्हायला सरासरी किती वेळ लागतो, तो एमटीटीआर. पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागलं की अव्हेलेबिलिटी मिळते, म्हणजे वस्तू गरजेच्या वेळी हाताशी असण्याचं प्रमाण. आपण नुसते समजण्यासाठी आकडे धरू. लाकडी नांगर दर २० दिवसांनी बिघडतो आणि अर्ध्या दिवसात दुरुस्त होतो. २० भागिले २०.५, म्हणजे साधारण ९७.६ टक्के. लोखंडी नांगर १०० दिवस टिकतो, पण सुटा भाग यायला १५ दिवस लागतात. १०० भागिले ११५, म्हणजे साधारण ८७ टक्के. पाचपट टिकाऊ वस्तू हिशेबात हरली! शेतकऱ्याने ही गणितं कागदावर केली नव्हती, पण उत्तर त्याला माहीत होतं.

मग या हिशेबात लोखंडी नांगराला जिंकायचं कसं? एक तर त्याचा झिजणारा भाग जास्त टिकला पाहिजे. दुसरं, तो भाग झटकन बदलता आला पाहिजे. आणि तिसरं, बदलायचा भाग जवळ मिळाला पाहिजे.

पहिल्या दोन गोष्टी इंग्लंडमध्ये शंभर वर्षं आधी झाल्या होत्या. इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये ओतीव फाळाची एक बाजू साच्यातच झटकन गार करून कडक करायची रीत काढली. कडक बाजू हळू झिजते आणि मऊ बाजू लवकर, त्यामुळे चालता चालता फाळाला आपोआप धार राहते. १८०८ मध्ये त्याने नांगराचे भाग एकमेकांच्या जागी बसतील असे करण्याचं पेटंट घेतलं, म्हणजे शेतकऱ्याने शेतातच भाग बदलावा. पण इप्सविच आपल्या कृष्णाकाठापासून हजारो मैल लांब. तिसरी गोष्ट, जवळ मिळण्याची, ती इथेच कुणीतरी करायला हवी होती. लक्ष्मणरावांचं खरं काम तिथे आहे, असं मी समजतो.

निवडुंगाचा माळ

बेळगावात जम बसत होता, तोच १९१० च्या सुरुवातीला नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितली. चालू भट्टी उचलून कुठे न्यायची? त्या वेळी मदतीला आले औंधचे राजे, भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध म्हणजे आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं गाव, तेव्हा छोट्याशा संस्थानाची राजधानी. बाळासाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि नव्या गोष्टींना हात देणारे. त्यांनी आपल्या संस्थानातली, कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जागा दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

जागा म्हणजे काय? माळ. निवडुंग आणि नाग यांचं राज्य! पाण्याचीही मारामार. १० मार्च १९१० ला लक्ष्मणरावांनी तिथे पाय रोवले. बरोबर सुमारे २५ कामगार आणि त्यांच्या घरची मंडळी. आधी निवडुंग तोडायचा, मग राहायला छप्पर, मग यंत्रं. पुढे त्या वस्तीला किर्लोस्करवाडी म्हणू लागले आणि कुंडल रोड स्टेशनचंही नाव बदललं. हा भाग आज सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात येतो. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे ही गोष्ट सातारची की सांगलीची, यावर हॉस्टेलमध्ये भांडायचं काही कारण नाही. दोघांचीही आहे.

जागा कशी का असेना, पण ती रेल्वेला लागून होती, हे महत्त्वाचं. कच्चं लोखंड आणि कोळसा रेल्वेने आत, नांगर आणि सुटे भाग रेल्वेने बाहेर. वर दिलेल्या हिशेबातले १५ दिवस जर २ दिवसांवर आले, तर १०० भागिले १०२, म्हणजे ९८ टक्के. लोखंडी नांगर लाकडी नांगराच्या पुढे गेला, आणि नांगराचं डिझाइन तर जराही बदललेलं नाही! बदललं ते फक्त दुरुस्तीचं अंतर. आपण डिझाइनवाले लोक हे विसरतो.

शिवाय लोखंडी नांगर खोल जातो, माती पलटतो, हरळी-कुंदा मुळासकट वर काढतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे. पण पाहायला तर मिळालं पाहिजे! त्यासाठी गावोगाव फिरणारी माणसं लागत. अशा माणसांपैकी एक होते भाऊराव पाटील. हो, आपले कर्मवीर! उमेदीच्या काळात त्यांनी ओगलेवाडीच्या काचकारखान्यासाठी, किर्लोस्करांच्या नांगरांसाठी आणि पुढे साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांच्याबरोबर विक्रीचं काम केलं. सातारा रोडला कूपरांचा नांगरांचा कारखाना उभा राहिला, त्यातही भाऊरावांचा हात होता. १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह. नांगर विकता विकता गावं पाहिलेल्या माणसाने आपल्या भागातलं सगळ्यात मोठं हॉस्टेलचं जाळं उभं केलं. हॉस्टेलवाल्यांनो, मेसची डाळ पातळ झाली म्हणून ओरडताना एवढं आठवा!

तोफा वितळल्या

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी माल येणं अवघड झालं. एका बाजूने ही संधी होती, कारण विलायती नांगरांची स्पर्धा कमी झाली. पण कच्च्या लोखंडाचीही टंचाई झाली. अशा वेळी लक्ष्मणरावांनी संस्थानिकांच्या किल्ल्यांवर गंजत पडलेल्या जुन्या तोफा विकत घेतल्या आणि वितळवून त्यांचे नांगर केले. तोफेचा नांगर झाला, ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते. निबंधात तर हमखास खपते.

पण इंजिनिअरच्या नजरेने बघा. लोखंडाचा पुरवठादार बदलला, प्रत बदलली, तर आधीच्या मालाचा अनुभव नव्या मालाला जसाच्या तसा लावता येत नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये हे रोजचं दुखणं आहे. एका कंपनीचा कपॅसिटर मिळेना म्हणून दुसऱ्याचा लावला, डेटाशीटवर आकडे तेच, आणि सहा महिन्यांनी बोर्ड परत यायला लागतात. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हे हाताच्या अनुभवाने कळतं. कागदापाशी बसलेल्याला ते पैसे गेल्यावर कळतं.

कागदावरचा हिशेब

आता त्या कागदावरच्या हिशेबाकडे वळू, कारण स्टाफपैकी कुणीतरी म्हणेलच की विषय सोडून नांगर काय चालवतोस.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या लोकांपुढे एक कोडं होतं. प्रत्येक भाग चांगला, तरी अख्खं यंत्र फसायचं. साखळी तिच्या सगळ्यात कच्च्या कडीएवढीच मजबूत, हे आपलं नेहमीचं गणित तिथे पुरत नव्हतं. बरोबर गणित गुणाकाराचं होतं. एका ओळीत १०० भाग असतील, एकही बिघडला तर यंत्र बंद पडणार असेल आणि प्रत्येकाची चालण्याची शक्यता ०.९९ असेल, तर अख्ख्या यंत्राची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे फक्त ०.३७! हजारात एकच बिघडेल असे ५०० भाग घेतले तरी ०.६१. हा नियम रॉबर्ट लुसर या अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो.

त्याच युद्धात अमेरिकेची रेडिओ-रडारची यंत्रं व्हॅक्यूम ट्यूब उडाल्याने वारंवार बंद पडत. म्हणून १९५२ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने एक सल्लागार गट नेमला, त्याचा अहवाल १९५७ मध्ये आला. त्यानंतर १९६० च्या दशकात मिल हँडबुक २१७ वापरात आलं. प्रत्येक भागाचा एक मूळ बिघाड-दर घ्यायचा, त्याला दर्जाचा गुणक, तापमानाचा गुणक, परिस्थितीचा गुणक लावायचा आणि सगळ्या भागांची बेरीज करायची. पेपरात १० मार्कांचं गणित यावरच येतं. त्याची शेवटची सुधारणा १९९५ ची आहे, तरी पद्धत अजून शिकवली जाते, कारण दोन डिझाइनची तुलना करायला ती उपयोगी पडते.

त्या हँडबुकात परिस्थितीची यादी आहे. स्थिर जमिनीवर, वाहनात, जहाजावर, विमानात, क्षेपणास्त्रात. विहिरीवरची पत्र्याची पेटी त्यात नाही. माझं गाव कृष्णाकाठी. आमच्याकडे पंपाचा स्टार्टर बंद पडला की बापू आधी पेटी उघडून पाल बघतात. कॉन्टॅक्टरच्या पट्ट्यांमध्ये पाल शिरून चिकटणं हे आमच्याकडचं नेहमीचं बिघाडाचं कारण! शिवाय रात्रीची लाईट, कधी १८० व्होल्ट तर कधी २६०, उसातली दमट हवा, उन्हाळ्यात तापलेला पत्रा. पालीचा गुणक कोणत्या तक्त्यात मिळेल? तो हँडबुक लिहिणाऱ्याला कळणार नाही, पेटी उघडणाऱ्यालाच कळेल.

लक्ष्मणरावांचं आणि या शास्त्राचं नातं मला इथे दिसतं. शास्त्र सांगतं, भागांवरून यंत्राचं भविष्य वर्तवा. लक्ष्मणरावांचं आयुष्य सांगतं, आधी यंत्र जिथे चालणार ती माती बघा, ते वापरणाऱ्याचा हंगाम बघा, मोडलं तर त्याच्या दारात काय आहे ते बघा. यातलं काहीच न बघता काढलेला एमटीबीएफ पाचव्या दशांश स्थळापर्यंत बरोबर असला तरी शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही.

माणसांवरचा भरवसा

वस्तूंच्या भरवशाबद्दल एवढं बोललो, पण किर्लोस्करवाडीत माणसांच्या भरवशाचीही गोष्ट आहे. रात्रीच्या पहाऱ्यासाठी लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना ठेवलं. शंभर वर्षांपूर्वी आडरानातल्या वस्तीवर असा निर्णय घ्यायला छाती लागते. वाडीत शिवाशिव पाळायला त्यांनी बंदी घातली. १९२० मध्ये कारखान्याची कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. नांगराच्या वाडीतून महाराष्ट्रभर मासिकं जाऊ लागली!

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एमआयटीमध्ये मेकॅनिकल शिकून १९२६ मध्ये परतले. ज्या वडिलांकडे पदवी नव्हती त्यांनी मुलाला जगातल्या उत्तम कॉलेजात पाठवलं. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आणि मग पंप आले. १९४० च्या दशकात हरिहरला यंत्रांचा कारखाना, बंगळूरला विजेच्या मोटारी आणि पुण्याला ऑइल इंजिनं, असा पसारा वाढला.

आणि १९४८ च्या सुरुवातीला, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत, किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. निवडुंग तोडून उभं केलेलं डोळ्यांदेखत जळताना बघणं काय असेल, मला सांगता येणार नाही. आपल्या पुस्तकात कॉमन कॉज फेल्युअर नावाचा एक छोटा परिच्छेद आहे. दहा जोडभाग ठेवलेत, पण सगळे एकाच छपराखाली, तर एकच आग सगळ्यांना संपवते. दूर कुठेतरी दुसरा भाग चालू असेल तर यंत्रणा जगते. हरिहर, बंगळूर आणि पुणे काही या हिशेबाने उभे राहिले नव्हते, पण त्या वर्षी ते होते. वाडीचा कारखानाही पुन्हा सुरू झाला. तिथे आजही पंप तयार होतात.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. अमेरिकेचा तो प्रसिद्ध अहवाल यायला अजून एक वर्ष होतं. त्यांच्या जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, पोस्ट खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आपल्यातले काहीजण उद्या पुण्यात डिझाइनच्या नोकरीला लागतील, काहीजण इथेच सांगली-मिरजेच्या एमआयडीसीत. मोबाईलवरून पंप चालू-बंद करणारे स्टार्टर, ड्रिपचे कंट्रोलर, सोलरचे इन्व्हर्टर, ही आजची लोखंडी नांगरं आहेत. शेतकरी ती घेताना आजही तोच प्रश्न विचारतो, फक्त आता विषाचं नाव काढत नाही. बंद पडलं तर कोण येणार, किती दिवसांत, आणि तोवर माझ्या उसाला पाणी कोण देणार? दोन वर्षं गिऱ्हाईक न मिळताही लक्ष्मणरावांनी हा प्रश्न टाळला नाही. मिल हँडबुकचं गणित जरूर सोडवा, १० मार्क आहेत. पण डिझाइनचा आकडा सही करून द्यायच्या आधी एकदा एस.टी. पकडून कुणाच्या तरी विहिरीवर जा, पेटी उघडा, आणि आत काय काय शिरलंय ते लिहून आणा.